सुमनताईंचा बिनमॉनिटरचा कॉम्प्युटर

भर दुपारी माझं दुकान उघडं असायचं आणि मी बंद असायचो. यवतमाळचं ऊन काउंटरवर येऊन पसरायचं, उघडून ठेवलेल्या कॅबिनेटचे पंखे एका सुरात घुमत राहायचे, आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत कुठेतरी निघून जायचो. तशी झोप आता दुकान विकल्यावर, घरच्या गादीवर, कूलर लावूनही लागत नाही. बायको म्हणते, "विकलं कायले मंग? झोपाले तरी ठेवाचं होतं." तिचं म्हणणं अगदीच चूक नाही.

मी कॉम्प्युटर जोडायचो. विकायचो असं म्हणत नाही, कारण विकणं मला कधी धड जमलं नाही. गिऱ्हाईक महागाची वस्तू मागायला आलं की मी त्याला स्वस्तातली का पुरेल हे समजावत बसायचो, आणि ते बिचारं कंटाळून समोरच्या दुकानात जायचं. पण जोडण्यात मला आनंद होता. रिकामा डबा घ्यायचा, त्यात मदरबोर्ड बसवायचा, त्यावर प्रोसेसर, मेमरी, डिस्क, आणि मग त्या सगळ्या निर्जीव पसाऱ्यात लिनक्स टाकायचं. लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी सिस्टीम. फुकट म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला आधी आनंद होतो आणि लगेच संशय येतो. "चोरीचं तर नाई ना जी?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर मी झोपेतही देत असे, आणि वर सांगितल्याप्रमाणे बहुतेकदा झोपेतच देत असे.

बाहेरच्या माणसाला यातली खरी गोम माहीत नसते म्हणून सांगतो. कॉम्प्युटरचा प्रत्येक भाग आपापल्या भाषेत बोलतो. त्याचं म्हणणं सिस्टीमला कळायला मध्ये एक दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. भाग विकणारी कंपनी विंडोजसाठी हा दुभाषी सोबत देते. लिनक्ससाठी मात्र कधी देते, कधी देत नाही. मग जगाच्या पाठीवर कुठेतरी कुणीतरी हौसेनं तो लिहून ठेवला असेल तर तुमचं नशीब. त्यामुळे भाग घेताना मी सोयरीक जुळवावी तशी चौकशी करायचो. डब्यावरचं नाव काय वाटेल ते असो, आत चिप कोणत्या घराण्याची आहे ते आधी सांगा. एकाच नावाच्या दोन डब्यांतून दोन वेगळ्या घरच्या चिपा निघालेल्या मी पाहिल्या आहेत. एक बोलकी निघाली, दुसरी जन्माची मुकी.

मारेगावहून गजाननराव यायचे. घरची कपाशी, सोयाबीन, तूर, पोरी नांदायला गेलेल्या, आणि वयाच्या या टप्प्यावर त्यांना कॉम्प्युटरवर विमान चालवायचा नाद लागलेला. खेळातलं विमान, पण ते त्याला खेळ म्हणू देत नसत. त्यांनी कुठूनसं बाजारात आल्या-आल्या नवंकोरं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणारा भाग, मागवलं आणि माझ्याकडे घेऊन आले. मी बसवलं, सुरू केलं, समोर काळोख.

"नवं हाय म्हणून तर घेतलं ना भाऊ," ते म्हणाले.

"नवं आहे म्हणूनच तर चालत नाही. याचा दुभाषी अजून कुणी लिहिलेला नाही."

"मंग आता?"

"पिकू द्या. आढीत ठेवल्यासारखं ठेवा."

त्यांनी खरोखरच ते कार्ड घरी कपाटात ठेवलं. पावसाळा गेला, कापूस निघाला, लिनक्सची पुढची आवृत्ती आली, आणि मी कार्ड पुन्हा बसवलं तर स्क्रीनवर लख्ख उजाडलं. गजाननराव तिथेच माझ्या काउंटरवर विमान घेऊन बसले. नागपूरहून उडाले आणि वर्धा नदीच्या काठाकाठानं आपलं शेतवावर शोधत राहिले. वावर काही सापडलं नाही, नदी मात्र सापडली. बराच वेळ ते तिच्यावरून नुसते तरंगत होते आणि मी त्यांच्या शेजारी बसून खाली बघत होतो. त्या दिवशी दुकानात आणखी कुणी आलं असेल तर आम्हा दोघांनाही ते कळलं नाही.

घाटंजीच्या एका जिनिंगमधलं काम याच्या उलट होतं. तिथला कॉम्प्युटर उघडला तर आत सरकी काढलेल्या कापसाचे तंतू इतके साचलेले की मदरबोर्ड रजई पांघरून झोपल्यासारखा दिसत होता. त्यांचा खडखड करणारा जुना प्रिंटर नव्या विंडोजनं ओळखायचं नाकारलं होतं. लिनक्सला जोडला तर त्यानं त्याचं पूर्ण नाव घेऊन हाक मारली. हा लिनक्सचा स्वभाव मला फार आवडतो. नव्या पाहुण्याशी तो जरा अवघडून वागतो, पण जुन्या सोयऱ्याला चारचौघांत ओळख देतो. माझ्या नात्यातल्या निम्म्या लोकांना हे जमत नाही.

पण मला सांगायचं आहे ते सुमनताईंचं.

त्या एका दुपारी नेरच्या बसनं आल्या. हातात पांढरी काठी, खांद्याला कापडी पिशवी, पातळाच्या निऱ्या नीट चोपून बसवलेल्या. काचबिंदूनं त्यांची दृष्टी नोकरीच्या शेवटच्या काळात हळूहळू गेली होती. कंडक्टरनं त्यांना रिक्षात बसवून दिलं होतं आणि रिक्षावाल्यानं माझ्या पायरीशी आणून सोडलं होतं. मी अर्थातच पेंगत होतो. डोळे उघडले तर त्या समोरच्या स्टुलावर बसून पंख्यांचा आवाज ऐकत होत्या.

"उठले का भाऊ?" त्यांनी विचारलं. "घोरनं थांबलं म्हणून इचारलं."

मी ओशाळून पाणी दिलं. त्या पाणी प्यायल्या आणि सरळ कामाचं बोलल्या.

"मले एक कॉम्प्युटर जोडून द्या. माह्यासाठी. अन् त्याले टीव्ही नको."

"कोणता टीव्ही?"

"तो समोर ठेवते ना लोकं, तो."

म्हणजे मॉनिटर. मी म्हटलं, ताई, तुम्हाला दिसत नसलं तरी असू द्या एखादा. उद्या काही बिघडलं तर बघणाऱ्याला लागेल.

"मंग तर नकोच," त्या म्हणाल्या. "साऱ्यायले दिसन अन् मलेच नाई दिसनार. असली वस्तू माह्या घरात नाई पाहिजे."

फोन होता त्यांच्याकडे, बोलून दाखवणारा. पण काचेवरून बोट घसरायचं, आणि आपण कशावर आहोत ते त्यांना उमगायचं नाही. त्यांना कळा हव्या होत्या, दाबली की दाबल्यासारखी वाटणारी. तरुणपणी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं मराठी टाइपरायटर त्यांची बोटं अजून विसरली नव्हती. मी एक कीबोर्ड पुढे ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी चाचपला आणि तसाच धरून ठेवला. मग चहा आला आणि चहावर त्यांनी मला त्यांचं काम सांगितलं.

त्या नेरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे आणि गावोगावचे ऑपरेटर हातानं लाईन जोडत. या लोकांची एक रीत होती. ते एकमेकांना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. 'दारव्हा, मी नेर बोलते. यवतमाळ द्या.' माणूस बदलला तरी गाव बोलत राही. पण पांढरकवड्याला बरीच वर्षं एकच माणूस होता. दुपारी लाईन रिकामी असली की तो म्हणायचा, 'हॅलो नेर, काय म्हणता?' आणि या म्हणायच्या, 'बोला, पांढरकवडा.' तिकडे पळस फुलला का, इकडे पाऊस आला का, बाजारात काय आलं, असलंच बोलणं. त्याचं घरदार होतं. यांनी लग्न केलं नाही. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही.

"तसं काई नोतं भाऊ," त्या म्हणाल्या. "तसं असतं तर बरं होतं. सांगता तरी आलं असतं."

पुढे आपोआप लागणारे फोन आले, बोर्ड निघून गेले, दोघंही टेबलावरच्या कामाला लागले. तरी पोळ्याला आणि दिवाळीला पांढरकवड्याचा फोन यायचा. मग तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं त्याच्या घशाचा घास घेतला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता तो फक्त लिहू शकत होता आणि या फक्त ऐकू शकत होत्या. त्यानं फोनवर मजकूर पाठवला, तो शेजारच्या सुनेनं वाचून दाखवला, अंगणात, चार बायका तांदूळ निवडत बसल्या असताना.

"तिचा काई दोष नाई. बिचारीनं चांगलं वाचलं," सुमनताई म्हणाल्या. "काई वाईट लिवलं बी नोतं. पन ती वाचून राह्यली होती तवा मले वाटलं, मी अंगनात उघडी उभी हाव."

त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. तो बरोबर मधोमध ठेवला गेला.

"त्याची तब्येत बरी नाई. तो मेल लिवतो म्हणते, पोरानं शिकवलं त्याले. मले ते एकटीनं आयकाचं हाय. कोनी वाचनारं नको, कोनी पाहनारं नको. लवकर करा."

मी इतकी वर्षं या धंद्यात होतो, पण काम सांगताना कुणी मला इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यासाठी एक-एक भाग निवडला. ग्राफिक्स अंगचीच असलेला, जुना पण भरवशाचा मदरबोर्ड. आवाजाची चिप अशी की लिनक्स तिला लहानपणापासून ओळखतो. जोरात टकटक वाजणारा कीबोर्ड, त्याला टाइपरायटरची मराठी मांडणी. लिनक्समध्ये एक वाचून दाखवणारा असतो, स्क्रीनवर जे येईल ते तो बोलतो. त्याला मी सुरुवातीपासूनच जागा राहायला सांगितलं, म्हणजे बटण दाबलं की पुढे सगळं कानानं. मेलचं खातं उघडलं. माझ्या दुकानात, माझ्या मॉनिटरवर, सगळं झकास चाललं.

सुमनताई ऐकायला आल्या. लिनक्समधला मराठी बोलणारा काही गोड गळ्याचा नाही. सर्दी झालेल्या माणसानं बादलीत तोंड घालून बोलावं तसा बोलतो.

"नाकात बोलते हा," त्या म्हणाल्या.

"दुसरा मिळतो का बघू?"

"कायले? ट्रंक लायनीवर याच्याहून खराब आयकलं. असू द्या."

मी ते यंत्र मांडीवर घेऊन बसनं नेरला गेलो. त्यांचं घर दोन खोल्यांचं, खिडकीखाली टेबल, टेबलावर धुतलेला कपडा अंथरलेला. सगळं जोडलं, टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेटही. बटण त्यांना दाबायला लावलं. पंखा फिरायला लागला, डिस्क कुजबुजली, आणि मग काहीच नाही. त्या मान थोडी कलती करून बसल्या होत्या, मी उभा होतो. दोघंही त्या डब्याकडून एखादा शब्द येईल म्हणून वाट बघत होतो, आणि तो आपला घुमत होता.

स्पीकर बघितला, वायर बघितली, प्लग बदलला. शेवटी उचलून यवतमाळला आणलं. दुकानात लावलं तर पहिल्या फटक्यात बोललं. पुन्हा नेर, पुन्हा मुकं. डॉक्टरसमोर दुखणं पळून जातं तसला हा प्रकार होता. तिसऱ्या खेपेला मी दुकानातला मॉनिटरही सोबत नेला, म्हटलं डोळ्यांनी बघतो काय होतं ते. लावला, आणि यंत्र तत्काळ बोलायला लागलं. मॉनिटर काढून घेतला तरी बोलत राहिलं. मी खूश होऊन, पोहे खाऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "भाऊ, ते पुन्ना गप झालं." आणि पुढे, "तुमी असले का बोलते. मी एकटी असली का नाई बोलत."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपं गेलं असतं. पांढरकवड्याचा मेल येऊन पडला होता, त्याच्या मुलानं फोन करून कळवलं होतं, आणि शेजारची सून आपल्या फोनवर उघडून वाचून द्यायला तयार होती. सुमनताईंनी तिला नको म्हटलं होतं. मला फार वाईट वाटलं. त्या यंत्राचा राग आला आणि माझाही आला.

त्या दुपारी जेवण गेलं नाही, झोप मात्र आली. अर्धवट झोपेत मला नेरची ती खोली दिसली. टेबलावरचं यंत्र जागं झालं होतं आणि खोलीत कुणी आहे का ते बघत होतं. खिडकीकडे, दाराकडे, भिंतीकडे. सुमनताई समोर बसल्या होत्या पण त्या त्याला दिसत नव्हत्या. कुणीच नाही असं समजून ते मुकाट बसून राहिलं. मी दचकून उठलो आणि उठलो तेव्हा मला कळलं होतं.

कॉम्प्युटर सुरू होताना आपल्या मागच्या भोकातून विचारतो, मॉनिटर आहे का? मॉनिटरनं हो म्हटलं की तो चित्र काढायला घेतो. उत्तर आलं नाही तर, निदान तो बोर्ड तरी, चित्रच काढत नसे. आणि वाचून दाखवणारा तर चित्रावर असेल तेच वाचतो. चित्र नाही, म्हणून वाचायला काही नाही, म्हणून गप्प. दुकानात माझा मॉनिटर कायम जोडलेला असे. आम्हा कॉम्प्युटर जोडणाऱ्यांच्या लेखी 'चालू झालं' म्हणजे स्क्रीन उजळली. यापलीकडे चालू होणं असतं हे आमच्या डोक्यात कधी येतच नाही.

मी सुमनताईंना फोन लावला. म्हटलं, एक जुना मॉनिटर फुकट देतो. मागे ठेवू, वरून कपडा टाकू.

त्या म्हणाल्या, "कपडा कोनीबी काढते, भाऊ."

मी फोन ठेवला. सिस्टीममध्ये एक ओळ लिहून त्याला फसवता येतं हे मला माहीत होतं. पण एखाद्या अपडेटनं ती ओळ पुसली तर त्या घरी ती पुन्हा लिहायला कोण जाणार होतं? मला अशी वस्तू हवी होती जी त्या आपल्या हातानं चाचपून बघू शकतील. म्हणून मी एका मेलेल्या मॉनिटरची केबल कापली, तिचं टोकाचं डोकं तेवढं घेतलं, आणि त्याच्या आत तीन बारीक रेझिस्टर सोल्डरिंगचा डाग देऊन बसवले. रेझिस्टर म्हणजे विजेला अडवणारे तुरीच्या दाण्याएवढे तुकडे. मॉनिटर जेवढी अडवतो तेवढीच वीज ते अडवतात, त्यामुळे कॉम्प्युटरला वाटतं, पलीकडे कुणीतरी आहे. वरून काळी टेप गुंडाळली. आगपेटीएवढं बूच झालं. माझ्या हातून मोठमोठी यंत्रं जोडली गेली, काही कॉलेजांत गेली, काही कचेऱ्यांत. पण कुणी विचारलं की आयुष्यात काय केलं, तर मला ते बूच आठवतं. याची खंत करावी की अभिमान धरावा, हे अजून ठरलेलं नाही.

आता तर तो धंदाच उरला नाही. लोक लॅपटॉप घेतात, त्यात सगळं चिकटवलेलं असतं, उघडायला गेलं तर मोडतं. कोणाची चिप कोणत्या घराण्याची हे विचारायला कुणी येत नाही. दुकानाच्या जागी आता एकजण मोबाईलची कव्हरं विकतो. त्याच्याकडे दुपारी गर्दी असते.

बूच घेऊन नेरला गेलो तेव्हा सुमनताई टेबलाशीच बसून होत्या. मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चारही बाजूंनी चाचपलं, मी त्यांचं बोट धरून मागचं भोक दाखवलं, आणि त्यांनीच ते बसवलं. दोन्ही स्क्रू स्वतः पिळले. मग बटण दाबलं.

पंखा फिरला. डिस्क कुजबुजली. रस्त्यावरून कापसाची गाडी गेली. आणि मग त्या डब्यातून सर्दी झालेला तो आवाज आला, त्यानं आपण हजर असल्याचं सांगितलं. मी आनंदानं टेबलावर थाप मारली. सुमनताई मात्र नुसत्या ऐकत होत्या.

"आता कोन पाहून राह्यलं त्याच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. त्याला फक्त वाटतं, कुणीतरी आहे."

त्या हसल्या. "वाटू द्या मंग."

मी शिकवलेल्या कळा त्यांना पाठ होत्या. टक, टक, आवाज एकेक गोष्ट सांगत गेला, त्या नको ते सोडत पुढे गेल्या. मी पिशवी आवरली, पायरीवर जाऊन चप्पल घालायला लागलो. आतून आवाज म्हणाला, एक नवीन पत्र. पुन्हा एक टक. मग त्या नाकातल्या, सपाट, कुणाच्याच नसलेल्या आवाजात विषय वाचला गेला.

"हॅलो नेर."

सुमनताईंनी झटकन कळ दाबून आवाज थांबवला. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून त्या बसल्या. त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हता.

"येतो मी, ताई," मी म्हणालो.

"हाव. दार लोटून घ्या, भाऊ."

मी दाराला हात लावला तेव्हा त्यांनी पाठ सरळ केली, पदर सारखा केला, आणि मी त्यांचा कधीच न ऐकलेला, तरुण, कामावरचा आवाज ऐकला.

"बोला, पांढरकवडा."

मी दार लोटून घेतलं.